पक्षादेशाविरुद्ध मतदान

पक्षादेशाविरुद्ध मतदान म्हणजे संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या सदस्याने एखाद्या प्रस्तावावर आपल्या राजकीय पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणे, अथवा आदेश असूनही मतदानापासून दूर राहणे. संसदीय राजकारणात या कृतीला सर्वसाधारणपणे ‘बंडखोरी’ असे म्हटले जाते. सरकारचे अस्तित्व, युद्ध, घटनादुरुस्ती किंवा मोठा आर्थिक निर्णय अशा महत्त्वाच्या प्रसंगी लोकप्रतिनिधीने पक्षाशी एकनिष्ठ राहावे की स्वतःच्या विवेकाप्रमाणे मत द्यावे, हा लोकशाहीतील जुना आणि आजही वादग्रस्त असलेला प्रश्न आहे. ब्रिटनसारख्या देशांत अशा सदस्याला शिक्षा करण्याचा अधिकार पक्षापुरता मर्यादित असतो. भारतात मात्र १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार अशा मतदानामुळे सदस्याचे सभागृहातील सदस्यत्वच रद्द होऊ शकते.

संज्ञा

सभागृहात आपल्या पक्षाच्या सदस्यांची उपस्थिती आणि मतदान यांवर देखरेख ठेवणाऱ्या पदाधिकाऱ्यास ‘प्रतोद’ म्हणतात. संस्कृतमध्ये प्रतोद म्हणजे चाबूक किंवा जनावरे हाकण्याची पराणी. इंग्रजीतील ‘व्हिप’ या शब्दाला तो पर्याय म्हणून मराठीत रूढ झाला. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या मदतनीसाच्या नावावरून हा शब्द संसदेत आला. इंग्रजीत पदाधिकारी आणि त्याने काढलेला आदेश या दोहोंना ‘व्हिप’ हाच शब्द वापरतात. मराठीत आदेशासाठी ‘पक्षादेश’ हा वेगळा शब्द आहे.

पक्षादेशाची तीव्रता त्याखाली मारलेल्या ओळींच्या संख्येवरून ठरण्याची प्रथा आहे. एक ओळीच्या आदेशाने सदस्यांना मतदानाची केवळ सूचना मिळते. दोन ओळींच्या आदेशाने उपस्थिती अपेक्षित असते. तीन ओळींचा आदेश उपस्थित राहून पक्षाच्या भूमिकेप्रमाणेच मत देण्यास बांधून घेतो.

पक्षादेशाविरुद्ध मतदान आणि पक्षांतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात सदस्य पक्षात राहून एखाद्या विषयावर मतभेद नोंदवतो. दुसऱ्या प्रकारात तो पक्ष सोडून अन्य पक्षात जातो. भारतीय कायद्याने या दोन्ही कृतींना एकाच अनुसूचीत आणून समान शिक्षा ठेवली आहे. भारतातील या विषयावरील बहुतेक वादांचे मूळ येथे आहे.

तात्त्विक पार्श्वभूमी

लोकप्रतिनिधी हा मतदारांचा निरोप पोहोचवणारा दूत आहे की त्यांच्या वतीने विचार करून निर्णय घेणारा विश्वस्त आहे, या प्रश्नावर एडमंड बर्क यांनी ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांसमोर केलेले भाषण प्रसिद्ध आहे. प्रतिनिधीने मतदारांच्या मताला मोठे वजन द्यावे, परंतु आपला विवेक त्यांच्या इच्छेपुढे गहाण टाकू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. आयर्लंडच्या व्यापारावरील निर्बंध आणि कॅथलिकांच्या सवलती या विषयांवर त्यांनी मतदारांना न रुचणारी भूमिका घेतली आणि १७८० मध्ये त्यांना ब्रिस्टलची जागा सोडावी लागली.

बंडखोरीच्या समर्थनार्थ बर्क यांचे नाव वारंवार घेतले जाते. तथापि, राजकीय पक्षाची प्रारंभीची प्रतिष्ठित व्याख्याही त्यांनीच १७७० मध्ये केली होती. सामायिक तत्त्वाच्या आधारे राष्ट्रहित साधण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा समूह, असे पक्षाचे स्वरूप त्यांनी मांडले. एकट्या सदस्याच्या सदिच्छेने सत्तेवर अंकुश बसत नाही, त्यासाठी संघटित प्रयत्न लागतात, असे त्यांचे मत होते. विवेक आणि पक्षनिष्ठा यांतील ताण अशा रीतीने एकाच विचारवंताच्या लेखनात आढळतो.

आधुनिक काळात या प्रश्नाला तिसरी बाजू मिळाली. बहुसंख्य मतदार उमेदवाराबरोबरच, आणि अनेकदा उमेदवारापेक्षा अधिक, पक्षाचे चिन्ह आणि जाहीरनामा पाहून मत देतात. त्यामुळे सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले, तर त्याने विवेकाचे पालन केले की मतदारांशी केलेला करार मोडला, हे ठरवणे कठीण होते.

ब्रिटनमधील परंपरा

ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडल्याने खासदाराची जागा जात नाही. पक्ष त्याला मंत्रिपदावरून दूर करू शकतो, संसदीय पक्षातून निलंबित करू शकतो किंवा पुढील निवडणुकीत उमेदवारी नाकारू शकतो. अंतिम निवाडा मतदारांच्या हाती राहतो. यामुळे तेथील इतिहासात महत्त्वाच्या बंडांची अनेक उदाहरणे आढळतात.

१८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी आयात धान्यावर जकात लादणारे ‘धान्य कायदे’ रद्द करण्याचे विधेयक आणले. जमीनदारांचे हित जपणाऱ्या त्यांच्याच हुजूर पक्षातील बहुसंख्य सदस्यांनी विरोधात मत दिले. विरोधी व्हिग सदस्यांच्या पाठिंब्यावर विधेयक मंजूर झाले. त्यानंतर लगेच पील यांचे सरकार दुसऱ्या एका विधेयकावर पराभूत झाले आणि पक्ष दुभंगला. हुजूर पक्षाला पुन्हा स्पष्ट बहुमत मिळण्यास १८७४ साल उजाडले. स्वस्त धान्याचा निर्णय टिकला, परंतु पक्षाने त्याची किंमत जवळजवळ तीन दशके मोजली.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतील मोहीम फसल्यानंतर ८ मे १९४० रोजी कॉमन्स सभागृहात मतदान झाले. नेव्हिल चेंबरलेन यांच्या सरकारने ते २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. मात्र सरकारच्या सुमारे ४० समर्थकांनी विरोधात मत दिले आणि इतर अनेक जण तटस्थ राहिले. एरवी २०० हून अधिक असणारे मताधिक्य ८१ वर आले. दोन दिवसांनी चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि विन्स्टन चर्चिल पंतप्रधान झाले. बंडखोरांना मतदान जिंकण्याची गरज नसते, सरकारचा नैतिक आधार संपल्याचे दाखवणेही पुरेसे ठरू शकते, याचे हे नमुनेदार उदाहरण मानले जाते.

१८ मार्च २००३ रोजी इराक युद्धावरील मतदानात मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी युद्धाचे समर्थन अद्याप सिद्ध झालेले नाही, या आशयाच्या दुरुस्तीस पाठिंबा दिला. आदल्या दिवशी रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. विरोधी हुजूर पक्षाच्या मतांमुळे सरकारचा मूळ प्रस्ताव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. युद्धापूर्वी शांततेचे सर्व मार्ग वापरून झाले नव्हते, असा निष्कर्ष चिलकॉट चौकशी समितीने २०१६ मध्ये काढला.

युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या वादात ३ सप्टेंबर २०१९ रोजी हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सरकारविरुद्ध मत दिले. सभागृहाच्या कामकाजाचा ताबा सरकारकडून काढून घेणारा प्रस्ताव ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी संमत झाला. या सर्वांना संसदीय पक्षातून काढण्यात आले. त्यांत माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क आणि फिलिप हॅमंड, तसेच चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स यांचा समावेश होता. पुढे दहा जणांना परत घेण्यात आले. डॉमिनिक ग्रीव्ह आणि डेव्हिड गॉक यांनी डिसेंबर २०१९ ची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली, परंतु दोघांचाही पराभव झाला. जागा कायद्याने सुरक्षित असली, तरी बंडखोरी निःशुल्क नसते, हे यावरून दिसते.

जीवनमरणाशी किंवा नीतिमत्तेशी निगडित विषयांवर ब्रिटिश पक्ष बहुधा आदेश काढत नाहीत. यास ‘मुक्त मतदान’ म्हणतात. देहदंड रद्द करणे आणि गर्भपातास कायदेशीर मान्यता देणे हे निर्णय अशाच मतदानातून झाले. असाध्य आजाराने ग्रस्त व्यक्तीला मृत्यूसाठी साहाय्य देण्याविषयीचे विधेयक २९ नोव्हेंबर २०२४ रोजी दुसऱ्या वाचनात ३३० विरुद्ध २७५ मतांनी संमत झाले. त्या वेळी पंतप्रधान आणि आरोग्यमंत्री यांनी परस्परविरुद्ध मते दिली.

भारत : पक्षांतरबंदीपूर्वीचा काळ

राज्यघटनेच्या मूळ संहितेत राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. अनुच्छेद १०५ नुसार संसद सदस्यांना आणि अनुच्छेद १९४ नुसार राज्य विधिमंडळ सदस्यांना सभागृहातील भाषण व मतदानाबाबत न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देण्यात आले. पहिल्या दोन दशकांत काँग्रेसला मोठे बहुमत असल्याने सरकार पडण्याची भीती नव्हती. त्यामुळे सत्ताधारी बाकांवरून होणारी टीका सहन केली जाई.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर काँग्रेसचे खासदार काकासाहेब गाडगीळ यांनी १९५५ मध्ये लोकसभेत आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध कठोर भाषण केले. १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५७ मध्ये काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणातील गुंतवणूक लोकसभेत उघडकीस आणली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. या तिन्ही प्रसंगांत मतभेद उघडपणे मांडला गेला आणि मांडणाऱ्याला त्यातून सत्तापद मिळाले नाही. देशमुख यांनी तर हातचे पद सोडले.

१९६७ च्या निवडणुकांनंतर परिस्थिती बदलली. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले आणि आमदारांच्या कोलांटउड्यांवर सरकारे बनू व पडू लागली. हरियाणातील गया लाल या आमदाराने अवघ्या काही दिवसांत वारंवार पक्ष बदलल्याने ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. लोकसभेच्या ठरावानुसार तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९६९ मध्ये अहवाल दिला. फुटलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना नव्या मंत्रिमंडळांत स्थान मिळाल्याची नोंद या अहवालात आहे. मंत्रिपदाचे आमिष हे पक्षांतराचे प्रमुख कारण असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. १९७३ आणि १९७८ मध्ये मांडलेली घटनादुरुस्ती विधेयके मंजूर होऊ शकली नाहीत.

त्याच सुमारास विवेकाची भाषा दुसऱ्या दिशेनेही वापरली गेली. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदस्यांना अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत देण्याचे आवाहन केले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली. सद्सद्विवेकाचे आवाहन पक्षांतर्गत सत्तासंघर्षाचे साधनही होऊ शकते, हे या प्रसंगाने दाखवले.

दहावी अनुसूची

राजीव गांधी सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती आणून राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. ती १ मार्च १९८५ पासून अमलात आली. तिच्यातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

- सदस्याने आपल्या पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडल्यास तो अपात्र ठरतो.
- पूर्वपरवानगी न घेता पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास किंवा मतदानापासून दूर राहिल्यास तो अपात्र ठरतो. मात्र पक्षाने १५ दिवसांच्या आत ही कृती माफ केल्यास अपात्रता येत नाही.
- विधिमंडळ पक्षातील किमान दोनतृतीयांश सदस्य अन्य पक्षातील विलीनीकरणास संमत असल्यास त्यांना संरक्षण मिळते.
- अपात्रतेचा निर्णय सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती घेतात.

मूळ अनुसूचीत एकतृतीयांश सदस्यांच्या ‘फुटी’लाही संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सर्वसाधारणपणे सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आणि अपात्र ठरलेल्या सदस्यास विहित काळापर्यंत मंत्रिपद देण्यास मनाई केली.

हा कायदा मतदानावर बंधन घालतो, भाषणावर थेट बंधन घालत नाही. सत्ताधारी पक्षाचा सदस्य एखाद्या विधेयकावर टीका करू शकतो, परंतु आदेश असल्यास मत मात्र विधेयकाच्या बाजूनेच द्यावे लागते. सभागृहातील चर्चेने कोणाचेही मत प्रत्यक्षात बदलण्याची शक्यता यामुळे उरत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

राष्ट्रपतिपदाच्या तसेच राज्यसभेच्या निवडणुकीतील मतदान दहाव्या अनुसूचीच्या कक्षेत येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीसाठी २००३ पासून खुले मतदान असले, तरी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिल्याने आमदारकी जात नाही. पक्ष आपल्या पातळीवर कारवाई करू शकतो.

न्यायालयीन निर्णय

किहोतो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दहावी अनुसूची वैध ठरवली. अध्यक्षांचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनास पात्र असल्याचेही स्पष्ट केले. आदेशभंगामुळे येणाऱ्या अपात्रतेची व्याप्ती मर्यादित असावी, असे मत न्यायालयाने व्यक्त केले. विश्वास किंवा अविश्वास ठराव, तसेच पक्षाने ज्या धोरणाच्या व कार्यक्रमाच्या आधारे मते मागितली त्याचा अविभाज्य भाग असलेले विषय, एवढ्यापुरतीच ती असावी, असा त्याचा आशय होता. प्रत्यक्षात पक्ष सामान्य विधेयकांवरही आदेश काढत राहिले.

गोव्यातून आलेल्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की ‘सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे, तर सदस्याच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. २०२० मध्ये मणिपूरमधील एका प्रकरणात न्यायालयाने अध्यक्षांनी अशा याचिका सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असे म्हटले आणि हा अधिकार स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले.

मतासाठी लाच घेण्याचा प्रश्नही न्यायालयासमोर आला. २८ जुलै १९९३ रोजी पी. व्ही. नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. या मतदानात झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेतल्याचा आरोप झाला. लाच घेऊन प्रत्यक्ष मत देणाऱ्या खासदारास घटनात्मक संरक्षण असल्याचे न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले होते. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा निर्णय एकमताने रद्द केला. त्यामुळे विकलेले मत आणि विवेकाने दिलेले मत यांतील भेद फौजदारी कायद्याच्या कक्षेत आला.

भारतातील काही महत्त्वाचे प्रसंग

१७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाच्या निर्णयाविरुद्ध जाऊन सरकारविरोधी मत दिले होते. पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. काही दिवसांतच लोकसभा विसर्जित झाली आणि देशाला मध्यावधी निवडणुकीस सामोरे जावे लागले.

२२ जुलै २००८ रोजी अणुकराराच्या पार्श्वभूमीवर मनमोहन सिंग सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. अनेक पक्षांच्या खासदारांनी आदेश मोडले आणि सभागृहात नोटांची पुडकी दाखवण्यात आली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने सरकारचा पाठिंबा काढल्यानंतरही लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी, अध्यक्षपद पक्षातीत असल्याच्या भूमिकेतून, राजीनामा देण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकले. ते २००९ पर्यंत अध्यक्षपदी राहिले.

५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू आणि काश्मीरसंबंधी अनुच्छेद ३७० वरील प्रस्ताव राज्यसभेत आला, तेव्हा काँग्रेसचे मुख्य प्रतोद भुवनेश्वर कलिता यांनी प्रस्तावाविरुद्ध पक्षादेश काढण्याऐवजी राज्यसभा सदस्यत्वाचा राजीनामा दिला. नंतर ते भारतीय जनता पक्षात गेले आणि २०२० मध्ये त्या पक्षातर्फे राज्यसभेवर निवडून आले. जागा सोडून मतभेद व्यक्त करण्याचा मार्ग आणि पक्षांतर यांच्या सीमारेषेवरील हे उदाहरण आहे.

महाराष्ट्र आणि गोवा

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेनेच्या बहुसंख्य आमदारांनी बंड केले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जून रोजी, बहुमत चाचणीच्या आदल्या दिवशी, राजीनामा दिला. ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले या दोघांनीही आपणच अधिकृत प्रतोद असल्याचा दावा केला. एकाच पक्षाच्या आमदारांना परस्परविरुद्ध आदेश मिळाल्याने, कोणाचा आदेश हा ‘पक्षाचा’ आदेश, हा प्रश्न उभा राहिला.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा असल्याचे सांगितले आणि गोगावले यांच्या नियुक्तीस अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असेही म्हटले. मात्र ठाकरे यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येणार नाही, असा निर्णय दिला. अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडे राहिला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय देत दोन्ही गटांच्या अपात्रता याचिका फेटाळल्या.

गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना अपात्र न ठरवण्याचा सभापतींचा निर्णय कायम ठेवला. त्या वर्षीच्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ दिली होती. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी पक्षांतर केले. अकराचे दोनतृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एकतृतीयांश. त्यामुळे आठवा आमदार मिळताच विलीनीकरणाच्या संरक्षणासाठी लागणारी संख्या पूर्ण झाली.

कर्नाटकात २०१९ मध्ये वेगळा मार्ग वापरला गेला. आघाडी सरकारमधील १७ आमदार राजीनामे आणि अनुपस्थितीमुळे अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवण्यास मुभा दिली. त्यांपैकी अनेक जण नव्या पक्षातर्फे पुन्हा निवडून आले.

बंडखोरीच्या विरोधातील युक्तिवाद

पक्षशिस्तीच्या समर्थकांच्या मते मतदार आपले मत प्रामुख्याने पक्षाला आणि त्याच्या कार्यक्रमाला देतात. सदस्याने निवडून आल्यावर ते स्वतःच्या मर्जीने वापरणे म्हणजे मतदारांची फसवणूक होय. शिस्त नसेल, तर सरकारला अर्थसंकल्प किंवा दीर्घकालीन धोरण राबवता येत नाही आणि अपयशाची जबाबदारी कोणाची हेही मतदारांना ठरवता येत नाही. प्रत्येक मत सुटे झाले, की प्रत्येक मताची बोली लागू शकते. १९६७ नंतरचा भारतीय अनुभव या युक्तिवादाचा मुख्य आधार आहे. याशिवाय, सदस्याला पक्षाच्या बैठकीत आपले म्हणणे मांडण्याची संधी असते आणि तेथे निर्णय झाल्यावर त्याने तो पाळावा, अशी अपेक्षा असते.

बंडखोरीच्या बाजूचे युक्तिवाद

बंडखोरीच्या समर्थकांच्या मते संसदेचे मुख्य काम सरकारला जाब विचारणे हे आहे. सत्ताधारी सदस्यांना विरोधी मत देताच येत नसेल, तर बहुमतातील सरकारला सभागृहात खरा अडथळाच राहत नाही. जाहीरनाम्यात नसलेला, किंवा जाहीरनाम्याशी विसंगत असलेला निर्णय पक्षनेतृत्वाने घेतला, तर करार पक्षाने मोडलेला असतो. अशा वेळी आदेश मोडणारा सदस्यच मतदारांशी प्रामाणिक ठरतो. भारतातील बहुतेक पक्षांत अंतर्गत मतदानाची परंपरा क्षीण असल्याने पक्षादेश हा प्रत्यक्षात सदस्यांच्या सामूहिक निर्णयाऐवजी मोजक्या नेत्यांचा आदेश असतो, असेही सांगितले जाते.

भारतीय कायद्यावरील सर्वांत तीव्र आक्षेप संख्येविषयी आहे. एखाद्या विधेयकावर तत्त्वासाठी विरोधी मत देणारा आणि पक्ष न सोडणारा एकटा सदस्य आपली जागा गमावू शकतो. दोनतृतीयांश सदस्य एकत्रितपणे विरोधी पक्षात गेले आणि मंत्री झाले, तर मात्र त्यांना संरक्षण मिळू शकते. ज्या प्रलोभनाच्या राजकारणावर उपाय म्हणून कायदा झाला, त्याला तो रोखू शकला नाही आणि ज्या मतभेदापासून लोकशाहीला धोका नव्हता तो मात्र जवळजवळ संपला, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

समर्थनीयतेचे निकष

बंडखोरी योग्य की अयोग्य याचे एकच उत्तर देता येत नाही. मात्र या विषयावरील चर्चेत काही निकष वारंवार पुढे येतात.

- मतदानाचा विषय : सरकारच्या अस्तित्वावरील मत आणि एखाद्या विधेयकावरील मत यांत फरक केला जातो. पहिल्यात पक्षनिष्ठेची अपेक्षा अधिक असते.
- जाहीरनाम्याशी संबंध : मतदारांना दिलेल्या वचनाविरुद्ध मत देण्यास अधिक सबळ कारण लागते. वचनभंगाविरुद्ध मत देण्यास तुलनेने कमी लागते.
- पूर्वप्रयत्न : सदस्याने आपला आक्षेप आधी पक्षात मांडला होता का, हे पाहिले जाते.
- उघडपणा : कारणे जाहीरपणे सांगून दिलेले मत आणि अचानक गैरहजर राहणे यांना समान मानले जात नाही.
- लाभ आणि किंमत : बंडखोराला त्या कृतीतून पद किंवा पैसा मिळाला, की त्याने काही गमावले, हा निकष सामान्य मतदारांच्या दृष्टीने बहुधा निर्णायक ठरतो.

शेवटच्या निकषावर रॉबिन कुक किंवा चिंतामणराव देशमुख यांची कृती आणि चव्हाण समितीने नोंदवलेल्या ११६ मंत्र्यांची कृती यांतील अंतर सहज दिसते. कायद्याला मात्र हेतूचा शोध घेणे कठीण असल्याने तो संख्या आणि आदेश यांसारख्या बाह्य खुणांवर अवलंबून राहतो.

इतर देशांतील तरतुदी

जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या अनुच्छेद ३८ नुसार संसद सदस्य कोणाच्याही आदेशाने बांधलेले नसून केवळ आपल्या सद्सद्विवेकास उत्तरदायी असतात. तरीही तेथील पक्षांत मतदानाची शिस्त मोठ्या प्रमाणात पाळली जाते. बांगलादेशच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ७० नुसार पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याची जागा रिक्त होते. पाकिस्तानच्या अनुच्छेद ६३-अ मध्ये हे बंधन पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यांची निवड, विश्वास व अविश्वास ठराव, वित्त विधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक यांच्यापुरते आहे.

सुधारणेच्या सूचना

भारतात दहावी अनुसूची पूर्णपणे रद्द करण्यापेक्षा तिची व्याप्ती कमी करण्याच्या सूचना अधिक प्रमाणात झाल्या आहेत. निवडणूक सुधारणांविषयीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आदेशभंगामुळे येणारी अपात्रता विश्वास व अविश्वास ठरावासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती ठेवण्याची शिफारस केली. विधी आयोगाने १९९९ मधील १७० व्या अहवालात सरकार धोक्यात असेल तेव्हाच पक्षादेश काढावेत, असे सुचवले. खासदार मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये याच स्वरूपाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांऐवजी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी घ्यावा, अशीही शिफारस झाली आहे.

या सूचना अमलात आल्यास सदस्याला सरकार न पाडता एखाद्या विधेयकाविरुद्ध मत देता येईल आणि त्याची जागाही सुरक्षित राहील. मात्र पक्षाची नाराजी आणि पुढील निवडणुकीतील उमेदवारीचा प्रश्न तेव्हाही कायम राहील. जागा कायद्याने सुरक्षित असलेल्या ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाने बालभत्त्यावरील मर्यादेच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत देणाऱ्या आपल्या सात खासदारांना सहा महिन्यांसाठी संसदीय पक्षातून निलंबित केले. त्यांची खासदारकी मात्र कायम राहिली.